समलिंगी सरकारी कर्मचाऱ्यांचे हक्क (कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

सरकारी, निमसरकारी ऑफिसातल्या गे-लेस्बियन कर्मचाऱ्याला निव्वळ त्या कारणावरून निलंबित करता येतं का, आणि त्याच्या जोडीदाराला पेन्शन-मेडिकलमध्ये धरायचं का, यावरचा हा वाद. यातले कायदे-नियम दिल्ली-मुंबईत ठरतात, कोल्हापुरात ते कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, महापालिका, शिवाजी विद्यापीठ यांच्या आस्थापना शाखेत लागू होतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. कायद्याच्या अंगाने बघणारे २ जुलै २००९ पासून मोजतात, त्या दिवशी दिल्ली हायकोर्टाने नाझ फाउंडेशनच्या केसमध्ये सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं (सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१३ ला ते फिरवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज जोहर केसमध्ये परत मान्य केलं). पण नोकरीपुरतं बघायचं तर २०१० चं अलीगढ प्रकरण जास्त जवळचं वाटतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचं घरात एका पुरुषासोबत असताना चोरून चित्रीकरण झालं आणि विद्यापीठाने निलंबित केलं मात्र सिरसांनाच, अलाहाबाद हायकोर्टाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. त्या वेळी २००९ चा निकाल लागू होता, म्हणजे गुन्हा नसतानाही ‘गैरवर्तन’ होऊ शकतं हे तिथंच दिसलं.

खरी मेख त्या गैरवर्तनातच आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागतात, जिल्हा परिषदवाल्यांना वेगळे, १९६७ चे. १९७९ च्या नियम ३ मध्ये सचोटी, कर्तव्यपरायणता आणि तिसरं म्हणजे सरकारी नोकराला न शोभणारं काही करू नये. आता न शोभणारं म्हणजे काय याची पक्की यादी नाही, ते साहेबाच्या नजरेवर, त्यामुळे खासगी आयुष्य खातेनिहाय चौकशीत ओढायला ही एक ओळ पुरते. उत्तर प्रदेशात एका होमगार्डला जोडीदारासोबतच्या व्हिडिओवरून काढलं होतं, अलाहाबाद हायकोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नवतेज निकालाच्या आधारे ते रद्द करून त्याला परत कामावर घ्यायला लावलं. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण दाखवता येतो.

छळाच्या तक्रारीचं तर अजून अवघड. २०१३ च्या लैंगिक छळ कायद्यात तक्रारदार फक्त महिला, त्यामुळे टेबलावर रोज टोमणे खाणाऱ्या पुरुष क्लार्कला अंतर्गत तक्रार समितीचं दार बंद. ट्रान्सजेंडर व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावापासून संरक्षण दिलंय, गे-लेस्बियन कर्मचाऱ्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. दोन्ही गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात, ते बरोबर नाही.

जोडीदाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली नाही. केंद्राचं म्हणणं होतं की भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. त्याआधी २०२२ मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत विशेष विवाह कायदा बदलायचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. आता झेडपीच्या शिक्षक बदलीचा ऑनलाइन फॉर्म बघा, संवर्ग २ म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरण, दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर जवळ यायची सोय. एक चंदगडला आणि दुसरी शाहूवाडीला असलेल्या दोन शिक्षिका दहा वर्षं एकत्र संसार करत असल्या तरी त्या रकान्यात बसत नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नोकरी (कर्मचारी गेल्यावर घरच्यांना मिळणारी) यांचंही तेच.

बाहेरच्या देशांत अमेरिकेचा दाखला नेहमी देतात. तिथे १९५३ च्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने समलिंगी लोकांना केंद्रीय नोकरीतून काढायचा रस्ता मोकळा झाला आणि २८ मे १९९८ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्राच्या नागरी (म्हणजे लष्कराबाहेरच्या) नोकऱ्यांत असा भेदभाव करायला मनाई केली, त्यावरही त्यांच्या संसदेत भांडण झालंच.

कोल्हापुरात या विषयावर बोलताना शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा आदेश हटकून काढतात. सरकारी खुर्चीवर कोण बसणार हा वाद इथं जुना आहे एवढं खरं, त्यापुढे ओढाताण वाटते. निवडणुकीच्या सभेत ऊसदर आणि पंचगंगेचं पाणी असतं, हा विषय सहसा नसतो.

दाद मागायच्या वाटाही एकसारख्या नाहीत. कलेक्टर ऑफिसच्या क्लार्कला आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, त्याचं मुख्य पीठ मुंबईत. झेडपीचा कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाही, तो हायकोर्टात रिट करतो आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे ती कोल्हापुरातच होते. दोन्हीकडे अर्जावर स्वतःचं नाव घालावं लागतं, ते झाकायचं असेल तर तशी वेगळी विनंती करावी लागते.