वास्कोचा तपास, आधारचे ठसे आणि लेखी संमतीची अट

रेशनसाठी दिलेले बोटांचे ठसे पोलिसांना देता येतील का? आधारच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो गोव्यातून. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. घटनास्थळी ठसे सापडले, माणूस सापडेना. सीबीआयच्या अर्जावरून वास्कोच्या न्यायालयाने गोव्यातल्या आधारधारकांची माहिती देण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, अशी जुळणी तांत्रिकदृष्ट्या जमेल का, हे न्यायवैद्यक तज्ज्ञाकडून तपासायला सांगितले.

आधार प्राधिकरणाने विरोध केला, आणि त्यामागचे गणित समजून घ्यायला हवे. नोंदणीच्या वेळी दहाही बोटे आणि दोन्ही बुबुळे यंत्रावर नीट घेतली जातात. तरीही ८.४ कोटी नोंदींवरच्या चाचणीत चुकीच्या जुळणीचे प्रमाण ०.०५७ टक्के निघाले होते. म्हणजे लाखभर नव्या माणसांतल्या ५७ जणांना यंत्र ‘आधीच नोंदलेला’ ठरवते. साठा वाढला की चूकही वाढते. गुन्ह्याच्या जागेवरचा ठसा तर बहुधा एखाद्याच बोटाचा, पुसट, अर्धवट असतो. तो कोट्यवधी नोंदींत शोधायचा म्हणजे निरपराध माणसांची रांग चौकशीला उभी करायची.

२४ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि धारकाच्या लेखी संमतीशिवाय माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असे बजावले.

पुढे २०१६ च्या आधार कायद्याने ठसे-बुबुळे इतरांना देण्यावर बंदी घातली. पण राष्ट्रीय सुरक्षेसाठी सहसचिवाच्या आदेशाची वाट मोकळी ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती बंद केली, वरिष्ठ अधिकाऱ्यासोबत न्यायिक अधिकारी हवा असे सांगून. २०१९ च्या दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आला, न्यायिक अधिकारी मात्र आला नाही. ही उणीव गंभीर आहे.

ठशांभोवती निदान कुंपण आहे. नाव, पत्ता, आधार क्रमांक यांचे तसे नाही. रेशन, पेन्शन, मनरेगाच्या याद्यांना क्रमांक जोडले गेले आणि त्याच याद्या पारदर्शकतेच्या नावाखाली संकेतस्थळांवर चढल्या. २०१७ मध्ये अशी सुमारे २१० सरकारी संकेतस्थळे निघाली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ७ तर सांगते, की एका सरकारी लाभासाठी आधी दिलेली संमती दुसऱ्या लाभासाठीही चालेल. २०१४ च्या आदेशातला ‘लेखी’ हा शब्द तिथे नाही.