आळशी यादी आणि 94 वी संख्या

‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचं नासानं मान्य केलं,’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. त्याचं मूळ रिक ब्रिग्ज यांच्या 1985 सालच्या एका लेखात आहे. ब्रिग्ज नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधन संस्थेत होते. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीनं फोडून मांडतात, ती कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञानमांडणीशी (माहिती यंत्राला समजेल अशी मांडण्याशी) जुळते, एवढंच त्यांचं म्हणणं. नासानं निकाल वगैरे काही दिला नव्हता.

अभिमानच बाळगायचा तर त्याहून भक्कम गोष्ट आपल्याकडे आहे. लघूची 1 मात्रा, गुरूच्या 2, हे शाळेत वृत्तं घोकताना सगळ्यांनी केलंय. मग 4 मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी 3 मात्रा उरतात, गुरू असेल तर 2. म्हणजे 4 चं उत्तर हे 3 च्या आणि 2 च्या उत्तरांची बेरीज: 3 + 2 = 5. असं करत 1, 2, 3, 5, 8, 13 ही माळ तयार होते. छंदशास्त्रकार विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्र यांनी हा नियम सांगितला. जग ही माळ ज्याच्या नावानं ओळखतं, त्या इटालियन गणिती फिबोनाचीचं पुस्तक 1202 सालचं. (हेमचंद्रांना संगणक ठाऊक होता, असं मी म्हटलेलं नाही. कृपया फॉरवर्ड करू नये.)

ही माळ कोडमध्ये उतरवणं हा नवी भाषा शिकणाऱ्यांचा आवडता खेळ. सुरुवात 0 आणि 1 पासून करायची; 0 ही शून्यावी संख्या, 1 ही पहिली, असं मोजायचं. नियम जसाच्या तसा लिहिला, म्हणजे ‘40 वी हवी तर 39 वी आणि 38 वी काढ, बेरीज कर’, तर फंक्शन (हे काम करणारा कोडचा तुकडा) स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत बसतं. 38 वी एकदा थेट लागते आणि एकदा 39 वीच्या पोटात. खाली जाऊ तशी ही पुनरावृत्ती फुगत जाते. 40 व्या संख्येसाठी एकूण 33,11,60,281 वेळा बोलावणं होतं. उत्तर मात्र 10,23,34,155.

आता हॅस्केल. ही फंक्शनल, म्हणजे सगळं काम फंक्शनं जोडून करणारी भाषा 1990 साली आली, नाव तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं. तिच्यात हीच माळ एका ओळीत मावते. देवनागरीत लिहायची तर अशी:

फिब्स = 0 : 1 : झिपविथ (+) फिब्स (टेल फिब्स)

‘:’ म्हणजे डावीकडचा आकडा उजवीकडच्या यादीच्या पुढे जोडणं. ‘टेल’ म्हणजे पहिला आकडा सोडून उरलेली यादी. ‘झिपविथ’ दोन याद्या शेजारी धरून जोडी-जोडीची बेरीज करतं. पण इथे फिब्स ही यादी फिब्स वापरूनच बनतेय, आणि तिला शेवटच नाही! बहुतेक भाषांमध्ये ही ओळ चालणारच नाही. हॅस्केलमध्ये चालते, कारण ही भाषा पक्की आळशी आहे. 0 आणि 1 नंतर ती यादी लिहीत नाही, एक चिठ्ठी ठेवते: ‘कुणी मागितलं तर असं असं कर.’ या चिठ्ठीला थंक म्हणतात. यादीतला तिसरा आकडा (म्हणजे 2 री संख्या) मागितला की ती उघडते. यादीचं डोकं 0, टेलचं डोकं 1, बेरीज 1. चिठ्ठीच्या जागी 1 बसतो आणि मागे नवी चिठ्ठी. चौथ्यासाठी 1 + 1 = 2, पाचव्यासाठी 1 + 2 = 3. महत्त्वाचं म्हणजे एकदा उघडलेली चिठ्ठी पुन्हा उघडावी लागत नाही, उत्तर तिच्या जागी कायम राहतं. म्हणून 40 व्या संख्येला फक्त 39 बेरजा.

हे डोळ्यांनी बघता येतं. जीएचसीआय (हॅस्केलच्या ओळी टाकून लगेच उत्तर बघायची खिडकी) उघडा, फिब्स ही इंटीजरांची, म्हणजे पूर्णांकांची यादी आहे असं सांगून ओळ टाका (न सांगितल्यास पुढची गंमत दिसत नाही), पहिले 5 आकडे छापा आणि मग ‘:स्प्रिंट फिब्स’ ही आज्ञा द्या. समोर येतं: 0 : 1 : 1 : 2 : 3 : _ . शेवटची ती अंडरस्कोअर म्हणजे न उघडलेली चिठ्ठी. मला तरी हे पुनःपुन्हा करून बघावंसं वाटतं.

आळसाची किंमतही आहे. थेट लाखावी संख्या मागितली तर आधी यादीचा सांगाडा लाखापर्यंत उभा राहतो, बेरजा तशाच तुंबतात, आणि शेवटचा आकडा लागला की साखळी उलटी उलगडत जाते. तोवर मेमरी खाल्लेली असते. याला स्पेस लीक म्हणतात, आणि ती शोधता शोधता भलेभले हॅस्केलवाले घामाघूम होतात.

आता रस्ट. ही सिस्टिम्स भाषा, म्हणजे यंत्राच्या जवळ राहून काम करणारं सॉफ्टवेअर लिहिण्याची; तिची 1.0 आवृत्ती 2015 ची. इथे यादीच ठेवायची नाही. अ आणि ब ही दोन चलं, प्रत्येक फेरीत अ छापायचा, मग अ च्या जागी ब आणि ब च्या जागी अ + ब. मेमरी नगण्य. पण आकडा किती बिटांत ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं. यू64 (चिन्हाशिवायचा 64 बिटांचा आकडा) घेतलं तर 93 वी संख्या, 12200160415121876738, मावते. 94 वी मावत नाही. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या प्रोग्राममध्ये) प्रोग्राम तिथेच पॅनिक होऊन, म्हणजे चूक सांगून थांबतो, तोही 92 वी छापून. कारण अ मध्ये 93 वी येण्याआधी ब साठी 94 वीची बेरीज करावी लागते! रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठी बनवलेल्या प्रोग्राममध्ये) मात्र तो थांबत नाही. आकडा गुंडाळला जातो, म्हणजे 64 बिटांबाहेरचा भाग गळून पडतो, आणि 94 वी म्हणून 1293530146158671551 छापून मोकळा होतो. ‘चेक्ड ॲड’ ही तपासून करायची बेरीज वापरली तर दोन्हीकडे बेरीज मावत नसल्याचं कळतं. यू128 घेतलं तर 186 व्या संख्येपर्यंत मजल जाते.