गळतंय ते छत नव्हे

मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या छोट्या बंदरात, बांधलेल्या बोटीवर हिवाळा काढणाऱ्या एका जोडप्याचा व्हिडिओ परवा बघण्यात आला. धक्क्यावर बर्फ, केबिनमध्ये छोटा गॅसचा हीटर, आणि दोघं मिळून छतातल्या हवेच्या झडपांना टेप लावताहेत. का? तर एक, थंडी आत येते. आणि दोन, बाहेरची दमट हवा आत येते म्हणून छत गळतं. पहिलं कारण बरोबर आहे. दुसरं इतकं उलटं आहे की मला राहवलं नाही.

आपण 'दव पडतं' म्हणतो ना, गोंधळ तिथूनच सुरू होतो. दव वरून पडत नाही. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरने रात्री उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवले आणि त्यांचं वजन किती वाढतं ते पाहिलं. त्याचा दवावरचा निबंध १८१४ सालचा. त्याचा निष्कर्ष असा की आधी वस्तू गार होते, मग तिला लागून असलेल्या हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. बोटीच्या छतावर आतून जे थेंब लोंबतात ते हेच.

शाळेतला दवबिंदू आठवा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते तो. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ राहू शकते. शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा नाही. (हवा वाफ 'धरून ठेवते' ही बोलायची सोय, हवा नसती तरी आकडे जवळपास हेच आले असते.) आता दहा मीटरच्या बोटीची केबिन घ्या, आतली हवा समजा २५ घनमीटर. ती २० अंशाला अगदी काठोकाठ दमट झाली तरी तिच्यात ४३० ग्रॅम वाफ मावेल. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी सोडतो. दोघं, आठ तास: सातशे ग्रॅम. म्हणजे बंद केबिनमध्ये दोन माणसं नुसती झोपली तरी पाण्याला कुठेतरी बसावंच लागेल. चहाचं आधण आणि ओला टॉवेल अजून हिशेबात धरलेलेच नाहीत.

आणि तो हीटर! प्रोपेन जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होतं. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी. धुरांडं नसलेला हीटर ते सगळं केबिनमध्येच ओततो. वर झडपा बंद केल्या की कार्बन मोनॉक्साइडची भीती. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो. त्या टेपवर मला सर्वांत जास्त राग आहे तो याच्यामुळे. जळलेला वायू नळीने बाहेर टाकणारा डिझेल हीटर या दोन्ही बाबतींत कितीतरी बरा.

पाणी नेमकं कुठे बसतं? जिथलं आतलं अंग दवबिंदूच्या खाली गेलंय तिथे. हा भाग थोडा किचकट आहे, पण मला फार आवडतो. आत २०, बाहेर ०, मध्ये एकेरी काच. काचेचं आतलं अंग किती अंशांवर असेल? निम्मं, म्हणजे १०? नाही. काच स्वतः उष्णतेला जवळजवळ अडवतच नाही. अडवतात ते तिला दोन्ही बाजूंनी चिकटलेले हवेचे पातळ थर. बाहेर वारा असतो, म्हणून बाहेरचा थर आतल्यापेक्षा दुबळा. त्यामुळे वीस अंशांच्या उतारातला साधारण ७० टक्के उतार आतल्याच थरात होतो, आणि काचेचं आतलं अंग ६ अंशांच्या आसपास बसतं. आतली हवा ६० टक्के आर्द्र असेल तर तिचा दवबिंदू १२. काच ओली होणारच. ती कोरडी हवी असेल तर दवबिंदू ६ पर्यंत, म्हणजे आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत उतरवावी लागेल.

ती उतरवायची कशी? झडप उघडून. बाहेर भुरभुर पाऊस पडत असला तरीसुद्धा. शून्य अंशाची हवा शंभर टक्के आर्द्र असली तरी तिच्यात पाच ग्रॅमच वाफ आहे. तीच आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता २६ टक्के. कोरडी ठणठणीत! ४० टक्के आर्द्र असलेली आतली हवा बाहेर जाताना दर घनमीटरमागे दोनेक ग्रॅम पाणी घेऊन जाते. झोपलेल्या दोघांचं तासाचं ९० ग्रॅम पाणी न्यायला सुमारे ४३ घनमीटर हवा बदलावी लागेल, आणि ती तापवायला लागतील फक्त ३०० वॅट. दीड हजार वॅटच्या हीटरचा पाचवा हिस्सा.

याऐवजी 'ओलावा शोषणारे' मिठाचे दिवे विकले जातात. साधं मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. शिवाय आत बल्ब लावून तापवलेलं मीठ ओढलेलं पाणीही परत सोडणार. कॅल्शियम क्लोराइडचे डबे निदान काम करतात, पण दोन माणसांच्या एका रात्रीच्या श्वासांपुढे तो डबा किती पुरणार?

काचेचं पाणी तरी दिसतं. न दिसणारी जागा म्हणजे गादीखालची फळी. अंगातली वाफ फोममधून झिरपत खाली जाते आणि पाण्याच्या रेषेच्या वरच्या थंड फायबरग्लासला टेकली की तिथेच थिजते. गादी उचलली की खाली काळ्या बुरशीचे ठिपके. पाण्याच्या रेषेखाली मात्र गंमत असते. गोड्या पाण्याचं तळं वरून गोठलं तरी खाली ० ते ४ अंशांचं पाणी असतं, शाळेतलं तेच असंगत आचरण: ४ अंशांच्या खाली पाणी पुन्हा हलकं होतं. बाहेर उणे १५ असताना बोटीचा तळ तिच्या कुशीपेक्षा उबदार. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला ही सवलत नाही. ते गोठेपर्यंत जड होतच राहतं, आणि गोठतं उणे १.९ च्या सुमारास.

राहिला छताचा प्रश्न. डेकमधून आरपार गेलेल्या बोल्टच्या आतल्या टोकाला सकाळी एकच टपोरा थेंब असतो, आणि 'बोल्टमधून गळतंय' म्हणून लोक बंदूक भरभरून सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, ओततात. धातू थंडी थेट आत आणतो, एवढंच. खरी गळती पावसाच्या रात्री होते. हा थेंब निरभ्र, चांदण्यांनी भरलेल्या रात्रीनंतर सर्वांत मोठा असतो, कारण तेव्हा डेक आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार झालेला असतो. वेल्सच्या लोकरीसारखा.