एमएसचे प्रकार: डॉक्टरांच्या मतापासून क्लस्टर ॲनालिसिसपर्यंत

रिलॅप्सिंग-रेमिटिंग (झटके आणि मध्ये सुधारणा), सेकंडरी प्रोग्रेसिव्ह (आधी झटके, मग सलग वाढ), प्रायमरी प्रोग्रेसिव्ह (सुरुवातीपासूनच सलग वाढ). मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण नष्ट करणारा आजार. त्याच्या केसपेपरवर दिसणारी ही नावं कुठल्याही मोजमापातून निघालेली नाहीत. १९९६ साली लुब्लिन आणि रेनगोल्ड यांनी जगभरच्या तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली आणि आलेल्या मतांचा मेळ घालून चार प्रकार ठरवले. त्यातला प्रोग्रेसिव्ह-रिलॅप्सिंग हा चौथा प्रकार पुढच्या फेररचनेत, २०१४ मध्ये गळाला. आधार होता तो रुग्णाच्या हकिगतीचा: झटके येतात का, मधल्या काळात किती सुधारणा होते, अपंगत्व सलग वाढतं का. तरीही औषध कुणाला मिळणार हे याच नावांवर ठरत आलं. ऑक्रेलिझुमॅबला मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळेपर्यंत प्रायमरी प्रोग्रेसिव्ह रुग्णांसाठी तिथे एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. म्हणूनच हे गट निसर्गातले की आपण पाडलेले, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही.

पेशींच्या पातळीवर वेगळेपणा असल्याची खूण २००० साली मिळाली. लुकिनेटी आणि सहकाऱ्यांनी बायोप्सी व शवविच्छेदनाचे ८३ नमुने तपासून मायलिन (नसांवरचं आवरण) नष्ट होण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. २००४ मध्ये तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या, डोळ्याची नस आणि मज्जारज्जूवर घाला घालणाऱ्या आजाराची अँटिबॉडी सापडली आणि आशियात 'ऑप्टिकोस्पायनल एमएस' म्हणून गणले जाणारे बरेच रुग्ण एका वेगळ्याच आजाराचे निघाले. त्यांचे उपचारही वेगळे. एमएसची काही औषधं या आजारात उलट घातक ठरतात. गट खरा असणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

क्लस्टर ॲनालिसिसची, म्हणजे आकड्यांतल्या सारखेपणावरून गट पाडण्याची, हत्यारं मात्र यापेक्षा बरीच जुनी आहेत. गट पाडण्याच्या दोन नेहमीच्या पद्धतींपैकी वॉर्डची पद्धत १९६३ची, 'के-मीन्स' हे नाव १९६७चं. त्याआधी, १९३६ मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी मांडलेलं अंतर (दोन रुग्ण एकमेकांपासून किती वेगळे, याचं माप) इथे नेमकं कामी येतं. एमआरआयवर दिसणाऱ्या मेंदूतल्या चट्ट्यांचं आकारमान, मेंदूची झीज आणि चालण्याचा वेग या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात. साधं अंतर मोजलं तर एकच गोष्ट दोनतीनदा मोजली जाते. महालनोबीस अंतरात हा परस्परसंबंध वजा होतो.

चुका सुरू होतात त्या आकडे भरतानाच. अपंगत्वाची ईडीएसएस ही मोजपट्टी ० ते १० अशी अर्ध्या अर्ध्या अंकाने चढते, पण तिच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. खालचे अंक न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवर ठरतात. ४ पासून चालण्याला महत्त्व येतं: ४ला आधाराशिवाय सुमारे ५०० मीटर, ६ला एका बाजूच्या आधाराने १०० मीटर, ६.५ला दोन्ही बाजूंच्या आधाराने २० मीटर. रुग्णांची गर्दी १ ते ३च्या आसपास आणि पुन्हा ६पाशी होते. ४-५वर फारसं कुणी रेंगाळत नाही. के-मीन्स नेमकं तिथेच दुभागतं आणि 'दोन प्रकार सापडले' असं वाटतं. वास्तविक तो मोजपट्टीतलाच सांधा असतो. चट्ट्यांच्या आकारमानाचा लॉग (फार मोठे आकडे आवळणारं गणिती रूप) घेतला नाही तर मोजक्याच जास्त चट्टेवाल्यांचा वेगळा गट पडतो. १.५ आणि ३ टेस्ला चुंबकशक्तीच्या एमआरआय यंत्रांचे आकडे न जुळवता एकत्र केली तर गट पडतात ते हॉस्पिटलांचे.

सगळ्यांत मोठा गोंधळ काळाचा आहे. आजाराची दोन वर्षं झालेला आणि वीस वर्षं झालेला रुग्ण वेगळ्या गटांत गेले, तर तो प्रकारातला फरक की नुसता टप्प्यातला? याचं पटण्यासारखं उत्तर 'सस्टेन' या पद्धतीने दिलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली ही पद्धत २०१८ साली आधी डिमेन्शियासाठी मांडली गेली. ती प्रकार आणि टप्पा एकाच वेळी शोधते. २०२१ मध्ये एशागी आणि सहकाऱ्यांनी ६,३२२ रुग्णांच्या एमआरआयवर ती चालवली आणि आणखी ३,०६८ जणांवर पडताळली. तीन प्रकार निघाले: बदल आधी कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) दिसणारा, आधी मेंदूच्या वरकरणी निरोगी पांढऱ्या भागात दिसणारा, आणि आधी चट्ट्यांपासून सुरू होणारा. अपंगत्व वाढण्याचा धोका तिसऱ्यात सर्वाधिक होता. धोक्याचा हा आकडा गट पाडताना वापरलेला नव्हता, म्हणून या निकालाला वजन आहे. ज्या मोजमापांवर गट पाडले त्यांच्याच सरासरीतला फरक पी-व्हॅल्यूसह (फरक योगायोगाचा नाही हे सांगणाऱ्या आकड्यासह) दाखवणाऱ्या निबंधांना ते नाही, कारण तो फरक गट पाडतानाच तयार झालेला असतो.

२०२५ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या, सुमारे ८,००० रुग्णांवरच्या अभ्यासाने तर कप्पेच बाजूला ठेवले आणि एमएसकडे एका अवस्थेतून दुसरीत सरकणारा एकच सलग आजार म्हणून पाहिलं. मला हीच दिशा जास्त प्रामाणिक वाटते.

निदानात मात्र यातलं काहीच आलेलं नाही. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष चट्ट्यांच्या जागा, काळानुसार पडलेली भर आणि पाठीच्या पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड (अँटिबॉडींचे पट्टे) यांवर उभे आहेत. नव्या आवृत्तीत डोळ्याची नस (ऑप्टिक नर्व्ह) आणि चट्ट्याच्या मधोमध दिसणारी रक्तवाहिनी यांचीही भर पडली. गट पाडणारी मॉडेलं निदान पक्कं झालेल्या रुग्णांवरच शिकवलेली असतात. मायग्रेनमुळे मेंदूत पांढरे ठिपके असलेल्या माणसाचा एमआरआय त्यांना दिला, तरी ती त्याला जवळच्या एमएस-गटात बसवतात. 'यातला नाही' असं उत्तर त्यांच्याकडे नसतं.