प्रवासी की खलाशी? जहाजावरील वादकाच्या नोकरीची पार्श्वभूमी

नाशिकमधील वादकांच्या बोलण्यात अलीकडे ‘शिप’, म्हणजे पर्यटकांच्या सफरी जहाजावरील वाजवण्याची नोकरी, हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. लग्नसराईतील सुपाऱ्या, गणपती-नवरात्रातील ऑर्केस्ट्रे, हॉटेलमधील शनिवार-रविवारचे कार्यक्रम आणि उरलेल्या वेळात शिकवण्या, एवढ्यावर संसार चालवणाऱ्या तरुण कीबोर्डवादकाला किंवा ड्रमरला सहा-आठ महिन्यांचा ठरलेला पगार आणि राहण्या-खाण्याची सोय म्हणजे मोठाच आधार वाटतो. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाला नुकतेच असे बोलावणे आले. गंगापूर रोडवरील एका तळमजल्याच्या खोलीत कानात क्लिक, म्हणजे लय धरून देणारी टिकटिक, घेऊन, कधीही न पाहिलेली चार पानी नोटेशन एका दमात वाजवल्याची चित्रफीत त्याने पाठवली होती आणि त्यावरच त्याची निवड झाली. करार हाती आला, तेव्हा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले त्याचे वडील तो घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांनी विचारले, “सर, हा वाजवायला चाललाय की खलाशी म्हणून? यात तर ‘सीफेअरर’ लिहिलंय.” जहाजावरील वादकाचे स्थान नेमके काय, या वादाला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत आणि त्यात माणसांचे हक्कच नव्हे, तर त्यांच्या घरच्यांची भाकरीही अडकलेली होती. त्या वडिलांना संध्याकाळभर जे सांगितले, ते येथे क्रमाने मांडतो आहे.

प्रवासी आगबोटींचे मूळ काम टपाल आणि माणसे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेणे हे होते. संगीत त्यात मागाहून आले आणि तेही काटकसरीने. जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर वाजवता येणाऱ्या वाढप्यांनाच नोकरीत घेण्याचा प्रघात होता, म्हणजे जेवण वाढणारा माणूसच थोड्या वेळाने शिंग हाती घेऊन उभा राहत असे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील प्रवासी रोडावत. तेव्हा जहाज रिकामे ठेवण्यापेक्षा भूमध्य समुद्रात हौशी सफरीला न्यावे, ही कल्पना हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ या जहाजावर अमलात आणली. २४१ प्रवासी घेऊन निघालेली ही सफर आजच्या क्रूझ व्यवसायाची सुरुवात मानली जाते. पुढे १९०० मध्ये केवळ सफरींसाठी बांधलेले ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज पाण्यात उतरले. कोठेही पोचण्याची घाई नसलेल्या प्रवाशाला दिवसभर रमवायचे म्हणजे गाणेबजावणे आलेच.

ब्रिटिश जहाजांवर मात्र वेगळे वादक नेमले जात आणि वादाचे मूळही तेथेच आहे. लिव्हरपूलच्या ‘सी. डब्ल्यू. अँड एफ. एन. ब्लॅक’ या एजन्सीने मोठ्या कंपन्यांकडून जहाजांना वादक पुरवण्याचा मक्ता मिळवला. पूर्वी वादक थेट कंपनीचा नोकर असे आणि त्याला महिन्याला साडेसहा पौंड मिळत. एजन्सी मध्ये आल्यावर तेच काम चार पौंडांवर आले आणि गणवेशाचा भत्ताही बंद झाला. वादकांच्या संघटनेने याविरुद्ध तक्रार केली, पण दाद लागली नाही. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ साऊदॅम्प्टनहून निघाले, तेव्हा त्यावरील आठ वादक खलाशांच्या यादीत नव्हते. दुसऱ्या वर्गाच्या एकाच तिकिटावर, २५०६५४ या क्रमांकाखाली, प्रवासी म्हणून त्यांची नोंद होती. काम मात्र पूर्ण वेळाचे होते. व्हायोलिनवादक वॉलेस हार्टली त्यांचे प्रमुख होते. पाच जणांचा एक आणि तिघांचा एक असे दोन संच होते आणि कंपनीच्या पुस्तिकेतील ३५२ रचना त्यांना तयार ठेवाव्या लागत, कारण प्रवासी नाव न घेता नुसता क्रमांक सांगत.

जहाज बुडत असताना ते वाजवत राहिले, हे जगाला ठाऊक आहे. आठांपैकी एकही वाचला नाही आणि तिघांचेच मृतदेह हाती लागले. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये २४ मे १९१२ रोजी त्यांच्या स्मरणार्थ सुमारे पाचशे वादकांनी वाजवले. पण ३० एप्रिलला, म्हणजे दुर्घटनेला पंधरा दिवस झाले असताना, एकवीस वर्षांच्या जॉक ह्यूम या व्हायोलिनवादकाच्या वडिलांना एजन्सीचे पत्र गेले, ते फारसे कोणाला माहीत नसते. मुलाच्या गणवेशाचे १४ शिलिंग ७ पेन्सचे बिल त्यासोबत होते. कोटाच्या कॉलरवर लावायची वीणेच्या आकाराची पट्टी आणि कंपनीची बटणे शिवून घेण्याची मजुरीसुद्धा त्यात धरलेली होती. वडिलांनी पैसे भरले नाहीत. त्यांनी ते पत्र संघटनेकडे दिले आणि संघटनेने आपल्या मासिकात ते छापले. हे बिल मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्या बटणांच्या शिलाईपाशी थांबतो.

कुटुंबांनी नुकसानभरपाई मागितली, तेव्हा जहाज कंपनी म्हणाली की हे आमचे नोकर नव्हेत, एजन्सीचे. आणि एजन्सीनेही हात झटकले. दावा न्यायालयात गेला आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात हे वादक बसत नाहीत, असा निकाल लागला. वाजवताना कामगार आणि मेल्यावर प्रवासी, असा त्याचा अर्थ झाला. अखेर लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या मदतनिधीने त्यांच्या घरच्यांना हात दिला. नाशिकरोडच्या त्या गृहस्थांना खटकलेला ‘सीफेअरर’ हा शब्द त्या आठ जणांच्या कागदावर असता, तर त्यांच्या घरच्यांना कायद्याने पैसे मिळाले असते.

तरीही वादक जहाजावर जात राहिले आणि त्याला पगाराखेरीज आणखी एक कारण होते. जहाज ही शाळा होती. मिसिसिपी नदीवरील स्ट्रेकफस कंपनीच्या बोटींवर फेट मॅरेबल यांच्या संचात १९१९ च्या सुमारास वाजवत असताना लुई आर्मस्ट्राँग यांची नोटेशन वाचण्याची तयारी पक्की झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या तरुण जाझवादकांना न्यूयॉर्कमध्ये चाललेले नवे संगीत ऐकायचे होते आणि खिशात भाड्याचे पैसे नव्हते; वाद्यवृंदप्रमुख जेराल्डो क्युनार्ड या जहाज कंपनीसाठी वादक नेमत, त्यांच्याकडे नाव घालून रॉनी स्कॉट, जॉन डँकवर्थ यांच्यासारखे वादक अटलांटिक ओलांडून जात. प्रवाशांसाठी नृत्याच्या चाली वाजवायच्या, न्यूयॉर्कला उतरायचे, बावन्नाव्या रस्त्यावरील क्लबांत रात्रभर ऐकायचे आणि ऐकलेले डोक्यात साठवून परतायचे. या फेऱ्यांना ‘जेराल्डोचे आरमार’ असे नावच पडले होते.

आपल्याकडची परंपरा दोन वाटांनी आली. पहिली गोव्याची. पोर्तुगीज काळातील चर्चच्या पाठशाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकवले जाई. गोव्यात पोट भरेना, तेव्हा हजारो गोवेकर मुंबईत आले. धोबीतलाव, डाबूळ, माझगावच्या कूडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, गावकीच्या आधाराने राहिले आणि ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर वाढपी, स्वयंपाकी म्हणून चढले. त्याच समाजातील वाचून वाजवू शकणारे वादक मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. जहाजावर आजही पहिली परीक्षा नोटेशन वाचण्याचीच असते. गुरुमुखी विद्येत वाढलेल्या आपल्या मुलांना नेमकी तीच जड जाते, हे शिकवताना मला रोज दिसते.

दुसरी वाट नाशिकच्या जवळून जाते. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी संस्थानिकांच्या आश्रयाबाहेर पडून सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कलावंताने कोणा एकाच्या मर्जीवर न जगता श्रोत्यांच्या पैशावर आणि स्वतःच्या शिस्तीवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पंचवटीत आश्रम स्थापून राहिले. त्यांचे शिष्य विष्णुदास शिराळी उदय शंकर यांच्या नृत्यपथकाचे संगीत सांभाळत १९३० च्या दशकात युरोप-अमेरिका फिरले. तो काळ बोटीच्या प्रवासाचाच होता, पण हे कलावंत जहाजावर प्रवासी होते आणि त्यांचा रंगमंच किनाऱ्यावर होता.

जहाजावरील आजच्या नोकरीशी आपल्याकडे सर्वांत जवळचे काही असेल, तर ते संगीत नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड. किर्लोस्कर मंडळी १८८० च्या दशकात आणि गंधर्व नाटक मंडळी १९१३ पासून गावोगाव मुक्काम टाकीत, तेव्हा नट, ऑर्गनवादक, तबलजी, आचारी, पडदे ओढणारे असे सगळे एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत. महिन्याचा पगार ठरलेला असे आणि घरी जायचे म्हणजे मालकाची रजा लागे. वादक सकाळी ज्याच्याशी पाण्यावरून भांडला, त्याच्याच पदाला रात्री साथ करी. जहाजावर जाणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो की, वाजवणे एक वेळ सोपे आहे, त्याच त्या माणसांत आठ महिने काढणे अवघड.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि दहाएक वर्षांत समुद्रमार्गे जाणाऱ्यांची गर्दी ओसरली. जहाजे भंगारात निघत असतानाच डिसेंबर १९६६ मध्ये मायामीहून ‘सनवर्ड’ हे जहाज बहामाच्या नियमित सफरींवर निघाले. १९७० मध्ये ‘साँग ऑफ नॉर्वे’ आले, १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीचे पहिले जहाज. आता पोचणे हा हेतूच उरला नव्हता, जहाजच मुक्कामाचे ठिकाण झाले होते आणि संगीत हा विकायच्या मालाचा भाग बनला. २०२४ मध्ये सफरींना सुरुवात केलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी असू शकतात, आपल्याकडील एखादे मोठे गाव पाण्यावर तरंगावे, तशी ही वस्ती.

अशा जहाजावर रंगमंचावरील खेळांना साथ करणारा, नोटेशन वाचून वाजवणारा संच वेगळा, नाचाचा बँड वेगळा, पियानो बारचा एकटा वादक वेगळा आणि दोन-चार दिवसांसाठी येणारा पाहुणा कलावंत वेगळा. नाचाच्या बँडला पाऊण पाऊण तासाच्या चार-पाच बैठकी रोज वाजवाव्या लागतात आणि त्याला आठवड्याची सुटी अशी नसते. खोली बहुधा पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीची, दोघांत एक. वादकाला प्रवाशांच्या भागात वावरण्याची मुभा वाढपी-सफाईवाल्यांपेक्षा अधिक असते. १९१२ चा दुसरा वर्ग या सवलतीत अजून थोडा शिल्लक आहे आणि खालच्या मजल्यांवर त्याबद्दलची अढीही असते. या कामात फिलिपिन्सच्या वादकांचा दबदबा आहे, कारण अमेरिकी अमलातील लष्करी बँडपासून तेथे वाचून वाजवण्याची आणि कोणत्याही देशाचे गाणे हुबेहूब गाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी आहे.

कायद्याने मूळ वाद मिटवायला जवळजवळ शतक घेतले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सागरी कामगार करार २००६ मध्ये संमत झाला, २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा माणूस नाविक, अशी त्याची व्याख्या आहे. त्यामुळे चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, आजारपणातील उपचार, मायदेशी परत पाठवण्याचा खर्च हे सारे वादकालाही लागू होते. भरती करणाऱ्याने नाविकाकडून दलाली घ्यायची नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि नाविकाची पुस्तिका यांचाच खर्च नाविकाचा, व्हिसाचा जहाजमालकाचा. भारतात भरतीसाठी नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. दोन-चार दिवसांच्या पाहुण्या कलावंताला मात्र नाविक मानायचे की नाही, हे त्या त्या देशाच्या प्रशासनाने ठरवायचे आहे, म्हणजे जुना प्रश्न त्या कोपऱ्यात अजून जिवंत आहे.

या नोकरीचा भरवसा किती, हे २०२० ने दाखवले. फेब्रुवारीत योकोहामाला रोखलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसे होती, त्यांपैकी ७१२ जणांना करोनाची बाधा झाली; कर्मचाऱ्यांत शंभरावर भारतीय होते. मार्चमध्ये जगभरच्या सफरी थांबल्या आणि वादक एका दिवसात बेकार झाले. मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘कर्णिका’ची कंपनी वर्ष-दीड वर्षातच बंद पडली आणि ते जहाज अलंगला तोडायला गेले. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून ‘एम्प्रेस’च्या सफरी सुरू झाल्या आणि हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्यांना घराजवळच्या बंदरातून चढण्याची सोय झाली, कसारा घाट उतरला की जहाज, असे नाशिककर आता म्हणू शकतो.

कराराची पाने आम्ही तिघांनी मिळून वाचली. व्हिसाच्या खर्चाचे कलम सापडले, परतीच्या तिकिटाचे सापडले, भरती संस्थेचा परवाना क्रमांक पडताळून पाहिला. गणवेशाच्या कलमापाशी मी अडलो. काळा सूट वादकाने स्वतःचा आणायचा होता. कंपनीचे बोधचिन्ह असलेला शर्ट जहाजावर मिळणार होता आणि त्याचे पैसे पगारातून कापणार की नाही, ते लिहिलेले नव्हते. मुलाने तेथेच बसून भरती संस्थेला ईमेल लिहिले. वडिलांनी पेनाने त्या ओळीखाली रेघ ओढली आणि उत्तर आल्याखेरीज सही करायची नाही, असे त्याला बजावले. पुढच्या आठवड्यात तो मुंबईला सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाला जाणार आहे. त्यात आग विझवणे, प्रथमोपचार आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारून तराफ्यावर चढणे हे वादकालाही करावे लागते. त्याला पोहता येत नाही, म्हणून सध्या तो रोज सकाळी सहाला तरण तलावावर जातो आणि मग रियाजाला येतो.