रंगाची पावडर, विजेचा भार आणि शिशाची गोळी

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात आणि त्याच वेळी टाकीच्या तळाशी गेल्या हंगामात धरलेला गंजही नजरेस पडतो. पत्र्यावर ब्रशने मारलेला ऑइल पेंट असेल तर त्याचे पापुद्रे नखाने निघतात. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर बसवून भट्टीत भाजलेला लेप, नीट झालेले असेल तर तोच पत्रा त्याच पाण्यात कितीतरी अधिक टिकतो. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांना लागून असलेल्या या शहरात खिडकीच्या ग्रिल, कपाटे, कूलरचे सांगाडे यांवर हे काम सर्रास केले जाते. त्यामागचे विज्ञान मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर उभे आहे. पावडर धातूला चिकटते ती विद्युतभारामुळे, आणि तिथे टिकते ती रासायनिक क्रियेमुळे. या दोहोंपैकी एक जरी कमी पडली तरी बाहेरून तो दोष बहुधा दिसत नाही, आणि ग्राहकाची फसगत होते ती इथेच.

ओल्या रंगात द्रावक असतो, म्हणजे थिनर. तो उडून जातो आणि मागे रंगाचा थर उरतो. पावडर कोटिंगमध्ये द्रावकच नाही. राळ, तिला कठीण करणारा घटक, रंगद्रव्य आणि भरणी हे सारे गरम करून एकजीव मळतात, थंड झाल्यावर त्याच्या चकत्या फोडतात आणि बारीक दळतात. त्यामुळे पावडरच्या प्रत्येक कणात संपूर्ण कृती सामावलेली असते. बहुतेक कण १० ते १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान असतात. या प्रकारच्या लेपनाची सुरुवात जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५३ मध्ये केली. त्यांच्या पद्धतीत हवेच्या झोताने तरंगत ठेवलेल्या पावडरमध्ये तापवलेली वस्तू बुडवत असत, आणि थर बराच जाड बसे. विद्युतभाराने पावडर उडवणारी गन नंतरच्या दशकात आली, आणि आज शेडमध्ये दिसते ती हीच.

गनच्या टोकाशी सुईसारखा इलेक्ट्रोड असतो आणि त्याला साधारण ६० ते १०० हजार व्होल्ट इतका ऋण विद्युतदाब दिलेला असतो. टोकाभोवतीची हवा आयनित होते, म्हणजे तिच्यात भारित कण (आयन) तयार होतात, ते आयन जवळून जाणाऱ्या कणांना चिकटतात, आणि भारित कण अर्थिंग केलेल्या धातूकडे ओढले जातात. पावडर ही विजेची वाहक नसल्याने भार सहजासहजी निसटत नाही. कण पृष्ठभागाला टेकला की त्याच्या भारामुळे धातूत विरुद्ध भार गोळा होतो आणि कण धरून ठेवला जातो. ग्रिल हुकला टांगून कारागीर एका बाजूने गन मारतो, तेव्हा सळईच्या मागच्या बाजूवरही पावडर वळून जाऊन बसते, ती याच ओढीमुळे. भट्टीत जाण्यापूर्वी त्या थरावर बोट फिरवले तर पावडर सहज पुसली जाते आणि खालचा राखाडी धातू उघडा पडतो. त्या क्षणापर्यंत तिला धरून ठेवणारे भाराखेरीज दुसरे काहीच नसते.

थर वाढत गेला की एक मजेशीर गोष्ट घडते. आधी बसलेल्या कणांचा भार नव्या कणांना ढकलू लागतो, म्हणजे लेप आपली जाडी बऱ्याच अंशी आपणच मर्यादित ठेवतो. सर्वसाधारण कामात ती ६० ते ८० मायक्रॉन असते. त्यापुढेही गन चालूच ठेवली तर थरातल्या थरात सूक्ष्म ठिणग्या पडतात, बारीक खड्डे होतात आणि भाजून निघालेला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. या दोषाला शेडमध्ये ‘ऑरेंज पील’च म्हणतात, आणि संत्र्यांच्या नागपुरात तरी तो समजावून सांगावा लागत नाही. दुसरी अडचण कोपऱ्यांची. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले होते की वाहक पेटीच्या आत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही. कूलरच्या चौकटीच्या आतल्या कोनाड्यात, नळीच्या तोंडाच्या आत, दोन पट्ट्यांच्या बेचक्यात नेमके तेच होते. क्षेत्र कडांवर एकवटते, पावडर तिथेच जाड बसते आणि आतला कोपरा उपाशी राहतो. व्होल्टेज वाढवल्याने हे सुटत नाही, उलट बिघडते. अनुभवी कारागीर अशा जागी व्होल्टेज कमी करतो आणि हवेचा दाबही आवरतो.

आणखी एक दोष सामान्य आणि अगदी क्षुल्लक दिसणारा आहे. टांगण्याच्या हुकांवर प्रत्येक खेपेला थोडी पावडर भाजली जाते. हुक साफ केले नाहीत तर हळूहळू त्यांच्यावर जाड विद्युतरोधक कवच चढते, मालाचे अर्थिंग तुटते आणि पावडर खाली सांडू लागते. मग दोष पावडरच्या ब्रँडला दिला जातो.

आता उष्णतेकडे. भट्टीत पावडर आधी वितळते, वाहून सपाट होते, आणि नंतर राळेच्या लांब रेणूंमध्ये आडवे बंध तयार होऊ लागतात. नेहमीच्या पॉलिस्टर पावडरसाठी १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ मिनिटे असा हिशेब असतो, पण हे तापमान धातूचे असते, भट्टीतल्या हवेचे नव्हे. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो, जाड अँगलला मात्र वेळ लागतो. दोन्ही एकाच खेपेत टांगले आणि घड्याळ भट्टीत माल घातल्यापासून लावले तर अँगल कच्चा राहतो. कच्चा लेप चकाकीत पक्क्याहून वेगळा दिसत नाही. कच्च्या आणि भाजलेल्या विटेत जो फरक, तोच इथे असतो: पाणी लागले की कळते. म्हणूनच तपासणीत द्रावकाने ओला केलेला कापूस लेपावर पुन्हा पुन्हा घासतात, आणि रंग सुटू लागला की भट्टी अपुरी पडली असे समजतात. आडवे बंध पूर्ण झालेला लेप पुन्हा तापवला तरी वितळत नाही.

राळ कोणती हेही महत्त्वाचे आहे. इपॉक्सी रसायनांना उत्तम तोंड देते, पण उन्हातील अतिनील किरणांपुढे टिकत नाही. तिचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो. नागपूरच्या उन्हात गच्चीवर ठेवायच्या वस्तूला इपॉक्सी लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. तिथे पॉलिस्टरच हवे.

विदर्भाचे हवामान या उद्योगाला दोन्ही बाजूंनी छळते. बहुतेक पावडर साधारण ३० अंशांखाली साठवावी अशी सूचना असते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमधले तापमान त्याहून पुष्कळ वर जाते. राळ किंचित मऊ होते, कण एकमेकांना चिकटतात, खोक्यात गाठी पडतात आणि गन अडखळत थुंकल्यासारखी पावडर फेकते. पावसाळ्यात प्रश्न नेमका उलटा होतो: दमट हवेत पावडर ओलावा धरते, भार नीट टिकत नाही, आणि धुऊन ठेवलेल्या पत्र्यावर भट्टीत जाण्याआधीच गंजाची पुसट छटा येते. त्या गंजावर मारलेले कोटिंग दिसायला नवे असले तरी आतून सुटलेलेच असते. म्हणूनच तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर देणे आणि प्रत्येक टप्प्यानंतर धुणे ही ‘सेव्हन टँक’ म्हणून ओळखली जाणारी पूर्वतयारी रंगापेक्षा अधिक मोलाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर कमी सांगणारे दुकान बहुतेक वेळा या टाक्यांतच काटकसर करते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून भट्टीत वायू बाहेर पडून लेपाला टाचणीएवढी छिद्रे पडतात, ही आणखी एक स्वतंत्र डोकेदुखी आहे.

याच तंत्राचा एक अनपेक्षित उपयोग बंदुकीच्या गोळीवर होतो. अमेरिकेत शिशाच्या गोळ्या स्वतः ओतणारे हौशी नेमबाज त्यांवर पावडर कोटिंग करतात. कारण असे की शिसे मऊ आहे आणि ३२७.५ अंशांना वितळते. नळीच्या आतील सर्पिल खाचांशी घासताना आणि मागून येणाऱ्या तप्त वायूंच्या झोतात गोळीचे शिसे थोडे थोडे सुटून नळीला चिकटते, आणि नेम बिघडतो. पूर्वी यावर उपाय म्हणून गोळीच्या खोबणीत मेण आणि चरबीचे मिश्रण भरत. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्ये तांब्याचे आवरण घातलेली गोळी तयार केली. पॉलिमरचा लेप हा या दोहोंमधला स्वस्त मार्ग आहे. गोळीमागचे वायू अतिशय तप्त असले तरी गोळी नळीत असते ती सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही थोडा वेळ, त्यामुळे उष्णतेला लेपातून आत शिरण्यास अवधीच मिळत नाही. आडव्या बंधांमुळे लेप खाचांत दबला तरी सहसा फुटत नाही.

येथे भाराची कथा थोडी बदलते. गनऐवजी प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर हलवली तरी घर्षणाने पुरेसा भार निर्माण होतो. हे तत्त्व कारखान्यांतही वापरात आहे. तिथल्या काही गनांमध्ये टेफ्लॉनच्या नळीशी घासूनच पावडर भारित होते. उष्णतेचा प्रश्न मात्र नाजूक असतो. शुद्ध शिशाला २०० अंशांचे भय नाही, पण गोळीच्या मिश्रधातूत कथील आणि अँटिमनी असतात. कथील आणि शिसे यांचे ठरावीक प्रमाण तर १८३ अंशांनाच वितळते, आणि जोडकामाचे डाग देणारे कारागीर त्याचाच उपयोग करतात. शिवाय अशा तापमानात ठेवल्याने अँटिमनीयुक्त शिशाचा कठीणपणाही बदलतो. मापाचे गणितही दुहेरी आहे: २५ मायक्रॉनचा लेप दोन्ही बाजूंना मिळून व्यास ५० मायक्रॉनने वाढवतो, आणि बंदुकीच्या नळीच्या हिशेबात हा फरक लहान नव्हे.

भारतात हा घरगुती छंद होऊ शकत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ परवान्याशिवाय शस्त्रे व दारूगोळा बनवण्यास मनाई करते, आणि त्या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. नागपुरात अंबाझरीच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याशी संबंधित उत्पादन होते. ती आता १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्यरत असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि कंपनीचे मुख्यालयही इथेच आहे.

कायद्याइतकेच गंभीर कारण शिशाचे आहे. वितळलेल्या शिशाची वाफ नेहमीच्या ओतकामाच्या तापमानाला फारशी नसते. खरा धोका असतो तो पृष्ठभागावर येणाऱ्या ऑक्साइडच्या मळीचा आणि तिच्या धुळीचा, जी हातावरून तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक ठरलेली नाही, आणि डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास स्रोत शोधून काढावा असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शिसे तापवलेली भट्टी किंवा ओव्हन पुन्हा अन्नासाठी कधीही वापरू नये. लेप दिलेली गोळी हाताळताना शिशाचा स्पर्श कमी होतो हे खरे, पण बंद नेमबाजी केंद्रातील हवेत मिसळणारे शिसे केवळ गोळीचे नसते. काडतुसाच्या टोपीतील लेड स्टिफनेट या स्फोटकातूनही ते सुटते, आणि गोळीवर कितीही चांगला लेप असला तरी त्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलींना अशी टोपी लागत नाही. त्यामुळे ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्यांनी सराव करणाऱ्या मुलांना धोका आहे तो छरा हाताळल्याने आणि लक्ष्यामागच्या पेटीत साचलेल्या चुऱ्याने, आणि सरावानंतर जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुणे एवढे त्यांच्या प्रशिक्षकांनी काटेकोरपणे पाळून घेतले पाहिजे.