एन्झाइमचे युनिट : रंगमापन चाचण्यांमागचा गुंता

यकृताच्या किंवा स्वादुपिंडाच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला तर बहुतेक ठिकाणी सगळी एन्झाइम्स एकाच मापात छापलेली दिसतात : युनिट प्रति लिटर. हा एकसारखेपणा तसा अलीकडचा आहे. १९५०च्या दशकात निरोगी प्रौढाच्या रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज (फॉस्फेट तोडून मोकळे करणारे एन्झाइम) एका प्रयोगशाळेत ३ ते १३ असायचे, दुसरीत दीड ते चार. दोन्ही आकडे ‘नॉर्मल’, दोन्ही बरोबर. एका आकड्याचा दुसऱ्याशी ताळमेळ मात्र लागत नसे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १८३३मध्ये मोड आलेल्या सातूतून डायास्टेज वेगळे काढले गेले. स्टार्च आणि आयोडीन यांचा निळा रंग या एन्झाइममुळे फिका पडतो, आणि किती फिका पडला यावरून ते किती आहे ते ठरवता येते. १९०८च्या सुमारास याच युक्तीने लघवीतले अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारे तसलेच एन्झाइम, मोजू लागले. रंगांची तुलना तेव्हा डोळ्यांनीच व्हायची. रंगाची तीव्रता मोजणारे प्रकाशविद्युत कलरिमीटर पुढे १९३०च्या दशकात सर्रास वापरात आले आणि डोळ्याच्या जागी सुई आली. रंग मोजण्याचा प्रश्न तिथे बराचसा मिटला. खरी पंचाईत होती ती वेगळीच : मोजलेल्या रंगाला म्हणायचे काय?

त्या काळची पद्धत ठरलेल्या वेळेची होती. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव), सामू स्थिर ठेवणारे बफर आणि सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) एकत्र करायचे, वॉटरबाथमध्ये ठेवायचे, वेळ भरली की अभिक्रिया थांबवायची, रंग आणायचा आणि रीडिंग घ्यायचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेग एकसारखा होता हे गृहीत धरलेले असे, आणि एन्झाइम जास्त असलेल्या नमुन्यात नेमके तेच खोटे ठरे, कारण सबस्ट्रेट वाटेतच संपत येई. ज्याने पद्धत बसवली त्याने युनिटची व्याख्याही आपलीच केली. किंग-आर्मस्ट्राँग युनिट म्हणजे, रूढ व्याख्येप्रमाणे, १०० मिलिलिटर सीरमने १५ मिनिटांत मोकळे केलेले १ मिलिग्रॅम फिनॉल. बोडान्स्की युनिट म्हणजे तेवढ्याच सीरमने तासाभरात मोकळे केलेले १ मिलिग्रॅम फॉस्फरस. अमायलेजसाठी सोमोगी युनिट होते, त्यात ग्लुकोजच्या मिलिग्रॅममध्ये हिशेब.

हे सगळे एका मापात आणणे म्हणजे निव्वळ गुणाकार, असे वाटेल. करून पाहू. प्रति मिनिट मायक्रोमोलचा हिशेब केला तर एक किंग-आर्मस्ट्राँग युनिट प्रति लिटर ७.१ होते आणि एक बोडान्स्की ५.४. म्हणजे वरचे ३ ते १३ झाले साधारण २१ ते ९२, आणि दीड ते चार झाले ८ ते २२. माणूस तोच, एन्झाइम तेच, माप तेच, आणि तरीही आकडे जुळत नाहीत. एका पद्धतीत सबस्ट्रेट फिनाइल फॉस्फेट, दुसरीत ग्लिसरोफॉस्फेट, आणि फॉस्फटेज पहिल्याला फार लवकर तोडते. त्यात सामूही निरनिराळे. व्याख्या बदलून हा फरक जाणार नव्हता. तो चाचणीच्या पोटातच होता.

१९४६मध्ये पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट आले. सबस्ट्रेट रंगहीन, त्यातून सुटणारे नायट्रोफिनॉल अल्कलीत पिवळेजर्द. त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइड घातले की अभिक्रियाही थांबते आणि रंगही खुलतो, वेगळा अभिकर्मक लागत नाही. रीडिंग ४०५ नॅनोमीटरच्या आसपास. कावीळ झालेल्याचे सीरम मुळातच पिवळे, म्हणून त्याचा वेगळा ब्लँक, म्हणजे मूळ रंग वजा करायचे रीडिंग, लावावा लागे. या पद्धतीनेही आपले वेगळे युनिट आणलेच.

१९५४मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर सीरममधले ट्रान्सअमिनेज (अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारे एन्झाइम) वाढते असे दिसून आले आणि एन्झाइमच्या चाचण्यांना एकदम मागणी आली. पहिली पद्धत ३४० नॅनोमीटरवर एनएडीएच (अतिनील प्रकाश शोषणारे सहएन्झाइम) किती वेगाने घटते ते पाहण्याची होती. तिचे युनिट तर पदार्थाच्या प्रमाणातही नव्हते : १ मिलिलिटर सीरममागे प्रकाशाचे शोषण मिनिटाला ०.००१ने घटले की एक कारमेन युनिट. पण तीन मिलिलिटर आकारमान आणि एनएडीएचचा ६२२० हा शोषणांक (ठरावीक प्रमाणातला पदार्थ किती प्रकाश शोषतो तो आकडा) धरला की ते प्रति लिटर ०.४८ मायक्रोमोल प्रति मिनिट भरते. निदान हिशेब तरी लागतो.

अतिनील भागात वाचणारे उपकरण सगळ्यांकडे नव्हते. म्हणून १९५७मध्ये साध्या कलरिमीटरवर चालणारी डायनायट्रोफिनाइलहायड्राझीनची पद्धत आली आणि तिने दशकानुदशके मुक्काम ठोकला. तिच्यातली तडजोड पाहण्यासारखी आहे. तयार झालेल्या कीटोआम्लाचा या अभिकर्मकाशी जुळून होणारा हायड्राझोन अल्कलीत तपकिरी-लाल होतो, तो ५०५ नॅनोमीटरला वाचायचा. पण सबस्ट्रेट म्हणून घातलेले अल्फा-कीटोग्लुटारेट हेही कीटोआम्लच, तेही थोडाफार रंग देते. तो रंग दाबायचा तर कीटोग्लुटारेट कमी घालावे लागते, आणि कमी घातले की एन्झाइम पूर्ण वेगाने चालत नाही. परिणामी आलेख सरळ येत नाही, वरच्या टोकाला वाकतो. यावरचा तोडगा असा, की पायरुव्हेट या कीटोआम्लाचे प्रमाणित द्रावण घेऊन वक्र काढायचा आणि त्यावरचे आकडे कारमेन युनिटांशी जुळवून लिहायचे. म्हणजे मोजमाप एका पद्धतीने आणि आकडा दुसरीकडून उसना घेतलेला! या पद्धतीला नावे ठेवणारे पुष्कळ होते, पण ज्यांच्याकडे दुसरे उपकरणच नव्हते त्यांना ती टीका परवडणारी नव्हती.

१९६१मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एक व्याख्या ठरली : मिनिटाला एक मायक्रोमोल सबस्ट्रेटचे रूपांतर करणारे एन्झाइम म्हणजे एक युनिट. बाकी परिस्थिती शक्य तितकी अनुकूल ठेवायची आणि तापमान २५ अंश. या शेवटच्या तीन शब्दांवरून जे रणकंदन माजले ते पुढची चार दशके पुरले. १९६४च्या सुधारणेत २५चे ३० झाले. जर्मन तज्ज्ञ २५वर ठाम राहिले, स्कँडिनेव्हियन देशांनी १९७०च्या दशकात ३७ धरले आणि आंतरराष्ट्रीय शिफारशी ३०वर अडून बसल्या. ३०च्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता : गॅलियम २९.७६ अंशांना वितळते, त्यामुळे तापमापी तपासून घ्यायला हाताशी पक्का बिंदू मिळतो. २५ अंश ठेवायचे तर गरम खोलीत क्युव्हेट (द्रावणाची पारदर्शक कुपी) थंड करावी लागते. ३७ला अभिक्रिया वेगाने होते, रंग लवकर येतो आणि स्वयंचलित यंत्रांना तेच सोयीचे पडते. शास्त्राची बाजू कोणाचीही असो, निकाल यंत्रांनी लावला. २००२मध्ये ३७ अंशांच्या संदर्भपद्धती प्रसिद्ध झाल्या, तोवर रोजच्या कामातून ३० अंश जवळपास हद्दपार झाले होते. तापमानाचा एकच गुणक सगळ्या एन्झाइमना लावता येत नाही, त्यामुळे मधल्या काळातले जुने-नवे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचणे जोखमीचेच होते.

दरम्यान १९७२मध्ये कॅटल पुढे आले : सेकंदाला एक मोल. १९९९मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत अधिकृत स्थानही मिळाले. तर्काने निर्दोष, व्यवहारात अवाढव्य. एक युनिट म्हणजे १६.६७ नॅनोकॅटल, त्यामुळे ४० युनिट प्रति लिटरचे ०.६७ मायक्रोकॅटल होतात. स्वीडन आणि चेक प्रजासत्ताकात रिपोर्ट असे छापले जातात. इतर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांनी पाठ केलेले आकडे बदलायला कोणी तयार झाले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यातून रुग्णाच्या पदरात काय पडले असते हेही कोणी पटवून दिले नाही.

संशोधनाच्या प्रयोगशाळांनी या तहाकडे फारसे लक्षच दिले नाही. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या जिवाणूंतल्या एन्झाइमसाठी मिलर युनिट अजून जोरात चालते. त्यात पिवळ्या रंगाचे ४२० नॅनोमीटरचे रीडिंग घेऊन जिवाणूंच्या गढूळपणाची वजावट करतात आणि मग त्याला वेळ, आकारमान व जिवाणूंची घनता यांनी भागतात. अनेक छोट्या खाचांच्या मायक्रोप्लेटमुळे आणखी एक अडचण आली. क्युव्हेटमध्ये प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर ठरलेला असतो, पण खाचेत तो द्रवाच्या उंचीप्रमाणे बदलतो. शोषणांक थेट वापरला तर आकडा चुकतो, म्हणून उत्पादिताचे प्रमाणित द्रावण त्याच प्लेटवर लावावे लागते.

रुग्णांच्या चाचण्यांतही एक फट उरली आहे. ट्रान्सअमिनेजला पायरिडॉक्सल फॉस्फेटची, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपाची, जोड लागते. संदर्भपद्धतीत ते अभिकर्मकातच घातलेले असते, पण बाजारातल्या अनेक अभिकर्मकांत नसते. अशा अभिकर्मकावर ब-६ जीवनसत्त्व कमी असलेल्या माणसाचे एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतले एक ट्रान्सअमिनेज) कमी दिसते. तापमान दोन्हीकडे ३७ आणि खाली छापलेले मापही तेच, युनिट प्रति लिटर.